गावच्या जीएए क्लबात नवीन कुटुंबं रुजवायची कशी? आयर्लंडमध्ये लोकल चॅरिटीतून काम करणाऱ्यांसाठी सविस्तर

मी मूळची कोल्हापूरची, आता बरीच वर्षं आयर्लंडमधल्या एका छोट्या गावात राहते आणि इथल्या एका लोकल चॅरिटीत शनिवार-रविवार काम करते. आमचं काम एवढंच, की बाहेरून आलेल्या कुटुंबांना (भारतीय, ब्राझिलियन, युक्रेनियन, नायजेरियन, कुणीही) गावच्या गेलिक खेळांच्या क्लबात नेऊन सोडायचं, आणि नुसतं सोडायचं नाही तर तिथे टिकवायचं. २०२२ च्या जनगणनेत इथे भारतीय नागरिकच ४५ हजारांच्या वर होते, आपली मराठी मंडळी त्यात भरपूर आहेत, आणि मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच की ताई आमच्या गावात असं काही सुरू करायचं तर काय करायचं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतेय.

आधी जीएए म्हणजे काय ते. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात मायकल क्युसॅक, मॉरिस डेविन वगैरे मंडळींनी स्थापन केली. हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा), गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्ही वापरून), हँडबॉल, राउंडर्स हे तिचे खेळ. बायकांच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात, तिची संघटना वेगळी, लेडीज फुटबॉलची १९७४ पासूनची अजून वेगळी, आणि या तिघी आता एकत्र यायच्या मार्गावर आहेत. पण गावपातळीवर बघाल तर बहुतेक ठिकाणी एकच मैदान, एकच क्लबहाउस आणि तीच माणसं. क्लब पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा) असतो, म्हणजे तुम्ही जिथे राहता तो तुमचा क्लब. कोल्हापूरकरांना हे समजवावं लागत नाही, आपल्याकडे पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम शाहू स्टेडियमवर फुटबॉलला भिडतात तेव्हा अख्खी पेठ मागे उभी असते आणि तीच तालीम गणपतीही बसवते, वर्गणीही काढते, कुणाच्या घरी मयत झालं तर पहिली तीच पोचते. इथेही तसंच आहे, खेळाडूंना पगार नाही, क्रोक पार्कच्या (जीएएचं डब्लिनमधलं मुख्य स्टेडियम) ८२ हजार लोकांसमोर रविवारी खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला जातो, आणि गावात कुणी गेलं तर क्लबची पोरं जर्सी घालून दोन्ही बाजूंना ओळीने उभी राहतात. त्यामुळे या क्लबात जागा मिळाली की गावात जागा मिळाली असं मी अगदी मनापासून मानते, आणि म्हणूनच हा खटाटोप.

पहिली पायरी: नवीन चॅरिटी काढू नका

उत्साहात पहिलं लोक हेच करतात, नाव ठरवतात, लोगो करतात. थांबा. रिपब्लिक ऑफ आयर्लंडमध्ये एक मोठी मेख आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते: २००९ च्या चॅरिटीज अॅक्टमध्ये नुसता ‘खेळाचा प्रसार’ हा चॅरिटीचा उद्देश धरलाच जात नाही. हौशी खेळांच्या संस्थांना करमाफी मिळते पण ती वेगळ्या वाटेने, रेव्हेन्यूकडून (म्हणजे इथलं कर खातं), आणि ती मान्यता घेतलेली संस्था उलट चॅरिटीच्या व्याख्येतून बाहेरच जाते. म्हणजे ‘आम्ही मुलांना हर्लिंग शिकवणार’ असं लिहून चॅरिटी नोंदवायला गेलात तर गाडी तिथेच अडणार. त्याच कायद्यात मात्र समाजहिताचे जे उद्देश दिलेत त्यात वंचित लोकांना सामावून घेणं आणि समाजात त्यांचा पूर्ण सहभाग वाढवणं हे स्पष्ट आहे, आरोग्य आहे, समाजविकास आहे, वांशिक सलोखाही आहे. तुमचं खरं काम तेच आहे ना, मग खेळ हे साधन म्हणून लिहा, उद्देश म्हणून नको. हा नुसता शब्दांचा खेळ नाहीये हां, पुढे पैसे कशावर खर्च करायचे हे सगळं त्या एका वाक्यावरून ठरतं.

तर आधी गावात अशी नोंदणीकृत संस्था आहे का ते बघा. फॅमिली रिसोर्स सेंटर असतं, लोकल डेव्हलपमेंट कंपनी असते, स्थलांतरितांना मदत करणारी एखादी संस्था असते. चॅरिटीज रेग्युलेटरच्या सार्वजनिक रजिस्टरवर गावाचं नाव टाकून शोधलं की यादी येते. त्यांच्याकडे जाऊन सांगा की तुमच्या छत्राखाली आम्ही हा एक प्रकल्प चालवतो. काहीच नसेल तरच नवीन, आणि मग एकमेकांचे नातेवाईक नसलेले किमान ३ ट्रस्टी, लिखित घटना, वेगळं बँक खातं, दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून १० महिन्यांत रेग्युलेटरकडे रिपोर्ट, गव्हर्नन्स कोडची (संस्था नीट चालवायच्या नियमावलीची) ६ तत्त्वं, हे सगळं आलं. नवरा-बायको दोघं ट्रस्टी आणि तिसरा मेव्हणा असं चालत नाही. नोंदणी होईपर्यंत स्वतःला चॅरिटी म्हणवून पैसे गोळा करणं गुन्हा आहे, तेवढं कृपा करून लक्षात ठेवा.

नॉर्दर्न आयर्लंडमध्ये मात्र उलट, तिथल्या २००८ च्या कायद्यात हौशी खेळाचा प्रसार हा थेट चॅरिटीचा उद्देश आहे. इंग्लंड-वेल्समध्येही आहे, स्कॉटलंडमध्ये तर ‘खेळात लोकांचा सहभाग वाढवणं’ असेच शब्द आहेत. बेलफास्ट, ग्लासगो किंवा लंडनहून वाचत असाल तर तुमची ही पायरी सोपी, बाकी सगळं सारखंच.

दुसरी पायरी: क्लबात जायच्या आधी घरोघरी जा

आमची पहिल्या वर्षीची चूक सांगते. आम्ही एक ‘फन डे’ केला, मिनीबस केली, मुलं नेली, बाउन्सी कासल, समोसे, फोटो, पेपरात बातमी, सगळं झकास झालं. पुढच्या शनिवारी ट्रेनिंगला त्यातलं एक पोरगं आलं. एक! बाकीच्यांना विचारायला गेले तेव्हा कारणं कळली आणि त्यातलं एकही कारण खेळाबद्दल नव्हतं. कुणाची आई शनिवारी नर्सिंग होममध्ये ड्यूटीवर असते, कुणाकडे गाडी नाही, एका बाबांना वाटलं की फीचे पैसे एकरकमी आणि भरपूर असतील म्हणून त्यांनी विचारलंच नाही, एका मुलीला स्कर्टसारखं काही घालावं लागेल याची लाज वाटत होती, एकीच्या आईला ती काठी बघूनच धडकी भरली होती.

म्हणून आता आम्ही आधी दहा-पंधरा घरी चहा पितो. फॉर्म नाही, सर्व्हे नाही, नुसत्या गप्पा. कुठला वार मोकळा असतो, गाडी आहे का, मूल घरी कुठला खेळ खेळतं, आईला स्वतःला काही खेळायचंय का (हे कुणी विचारतच नाही!), आणि भीती कशाची वाटते. मग मी वहीत एकाच प्रश्नाखाली लिहिते: या घरापासून मैदानाच्या फाटकापर्यंत काय काय अडतंय. क्लबाकडे मैदान आहे, कोच आहेत, विमा आहे. चॅरिटीने ते परत उभं करायला जाऊ नये. चॅरिटीकडे जे आहे ते म्हणजे कोण येत नाहीये आणि का येत नाहीये याची माहिती, आणि त्या घरांचा विश्वास. तेवढंच काम नीट करा, ते खूप आहे.

तिसरी पायरी: क्लबाशी बोलणी

चेअरमनला थेट मोठं प्रपोजल पाठवू नका. तिथली सगळी माणसं नोकरी करून फुकट राबतात, त्यांना अजून एक काम दिसलं की ती दमतात. शनिवारी सकाळी मैदानावर जा, कठड्याला टेकून बाकीच्या आईबापांसोबत उभ्या राहा, चहाच्या खिडकीत कप धुवायला मदत करा. मग लहान मुलांच्या विभागाचा सेक्रेटरी आणि चिल्ड्रन्स ऑफिसर (मुलांचं हित बघणारा क्लबातला माणूस) या दोघांना भेटा, कारण खरं काम यांच्याशीच पडणार आहे. काही क्लबांत हेल्दी क्लब प्रकल्पाची किंवा समावेशनाची वेगळी जबाबदारी असलेला माणूसही असतो, असेल तर दुधात साखर.

त्यांना सांगायचं की आम्ही तुमच्याकडे मुलं ‘पाठवत’ नाही, आम्ही त्यांच्यासोबत येतो आणि सहा आठवडे थांबतो. हे वाक्य ऐकलं की चेहरे बदलतात, मी पाहिलंय. मग एका पानाचा करार करा, साध्या भाषेत: ट्रेनिंग कोण घेणार (क्लब), मेंबरशिप कोण भरणार आणि कधीपर्यंत, हेल्मेटं कुणाच्या मालकीची, मुलाला लागलं तर कुणी कुणाला फोन करायचा, तक्रार कुणाकडे. सह्या दोन्हीकडच्या. पुढच्या वर्षी कमिटी बदलते आणि तोंडी ठरलेलं सगळं हवेत जातं, म्हणून लेखीच हवं.

चौथी पायरी: मुलांची सुरक्षितता, इथे घाई नाही

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण यात एकही शॉर्टकट घेऊ नका.

मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाचं गार्डा व्हेटिंग (गार्डा म्हणजे इथले पोलीस, त्यांच्याकडून पडताळणी) झालेलं पाहिजे, कायद्याने. चॅरिटीसाठी झालंय म्हणून क्लबासाठी चालेल असं नसतं, दोन्हीकडे वेगळं करावं लागतं. क्लबात कोच व्हायचं तर तीन गोष्टी: व्हेटिंग, सेफगार्डिंगचं बेसिक ट्रेनिंग आणि कोचिंगचा सुरुवातीचा कोर्स. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये व्हेटिंगच्या जागी अॅक्सेस एनआय असतं.

आपल्या लोकांची गाडी कुठे अडते ते सांगते. व्हेटिंगच्या फॉर्मात जन्मापासून आजवरचे सगळे पत्ते भरायचे असतात. सगळे म्हणजे सगळे, आजोळ, पुण्यातलं हॉस्टेल, बंगलोरचा पीजी, दुबईचा फ्लॅट. आमच्या एका स्वयंसेविकेचा फॉर्म मधल्या दोन वर्षांच्या गॅपसाठी परत आला, बिचारीने ते दोन वर्षं मावशीकडे काढलेली आणि तो पत्ता तिला धड आठवत नव्हता. तर ऑनलाइन फॉर्म उघडायच्या आधीच कागदावर वर्षवार यादी करा, पिनकोडसकट, आईला फोन लावून विचारा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, लग्नाआधीचं नाव वेगळं असेल तर तेही. यात आठवडे जाऊ शकतात, म्हणून कार्यक्रम एप्रिलमध्ये सुरू करायचा असेल तर व्हेटिंग जानेवारीतच सुरू करा.

बाकीचे नियम थोडक्यात. कुठलाही मोठा माणूस मुलासोबत एकटा नको, कायम दोघं. १२ वर्षांखालच्या ८ मुलांमागे एक मोठा, त्यावरच्या १० मुलांमागे एक, हे प्रमाण पाळा. मुलांना थेट मेसेज करायचा नाही, ग्रुप पालकांचाच. पालकांचे नंबर त्यांना विचारल्याशिवाय क्लबाच्या ग्रुपात टाकायचे नाहीत. फोटोची परवानगी वेगळी आणि लेखी घ्या, आश्रय मागायला आलेल्या काही कुटुंबांना फोटो बाहेर जाणं खरंच धोक्याचं असतं. आणि लिफ्ट! गाडीतून मुलं नेताना पालकांची लेखी संमती, आणि एक मोठा-एक मूल अशी जोडी गाडीत नको, शेवटच्या मुलाला सोडताना नेमकं हेच होतं, तर रूट असा आखा की शेवटी दोन भावंडं उरतील.

पाचवी पायरी: पैसा आणि सामान

फी मुळात फार नसते, फॅमिली मेंबरशिप असते, पण मुलाची नोंद जीएएच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये झालीच पाहिजे. नोंद नसलेलं मूल मैदानावर उतरलं आणि पडलं तर जीएएच्या इन्ज्युरी फंडातून काही मिळत नाही. सुरुवातीला दोन-तीन ट्रायल सेशन चालतात का, आणि चालत असतील तर त्यांचं कव्हर काय, हे क्लबाला आधीच विचारा.

फीला मदत करताना सगळ्यांसमोर करू नका. आमच्याकडे चॅरिटी क्लबाला एकरकमी पैसे देते आणि सेक्रेटरी सोडून कुणालाच माहीत नसतं कुणाचे भरले. मुलांना तर अजिबातच कळता कामा नये.

सामानाचं म्हणाल तर गेलिक फुटबॉलला शॉर्ट्स, मोजे, स्टडचे बूट आणि माउथगार्ड, एवढंच लागतं. माउथगार्ड सक्तीचा आहे, मुलांना २०१३ पासून आणि मोठ्यांना २०१४ पासून, सामना असो की ट्रेनिंग. हर्लिंग आणि कॅमोगीला मात्र हर्ली म्हणजे ती काठी, आणि तोंडावर जाळी असलेलं हेल्मेट. हर्लिंगमध्ये हेल्मेट २०१० पासून सगळ्यांनाच सक्तीचं आहे, आणि ज्या आईला काठी बघून धडकी भरली तिला मी हेच हेल्मेट हातात देते, डोक्यावर घालून बघायला सांगते. हेल्मेट महाग पडतं, म्हणून आम्ही ‘हेल्मेट लायब्ररी’ केलीय: चॅरिटीने विकत घेतली, साइजप्रमाणे नंबर टाकले, वर्षभर वापरा आणि नोव्हेंबरात परत करा, मूल वाढलं की मोठं न्या. घेताना आय.एस. ३५५ हे मानक लिहिलंय का बघा. परत आलेलं प्रत्येक हेल्मेट उजेडात धरून तडा आहे का, स्क्रू सैल आहेत का तपासा, जाळी वाकवलेली किंवा कापलेली असेल तर ते बाद. गुणी मोठी पोरं जाळीचे बार काढून टाकतात बघायला सोपं जावं म्हणून, असलं हेल्मेट देणगीत आलं तर घेऊ नका.

हर्ली योग्य मापाची हवी. मूल सरळ उभं, हात खाली सोडलेला, काठी बाजूला जमिनीवर टेकवली की टोक मनगटाच्या हाडाशी आलं पाहिजे. आपले लोक ‘पुढच्या वर्षी पण होईल’ म्हणून मोठी घेतात, शाळेच्या युनिफॉर्मसारखी, आणि मग पोराला ती फिरवताच येत नाही आणि ते खेळ सोडतं. हर्ली पारंपरिकरीत्या अॅश झाडाची, पण २०१२ पासून त्या झाडांवर इथे बुरशीचा रोग आलाय, त्यामुळे बांबूच्या आणि सिंथेटिकच्याही निघाल्यात, लहान मुलांना त्या चालतात. चेंडूला स्लिटर म्हणतात, लहानांसाठी मऊ स्लिटर येतो, तोच मागा.

निधीसाठी काउंटीची स्पोर्ट्स पार्टनरशिप (देशभर अशा २९ आहेत), काउंटी कौन्सिलची कम्युनिटी ग्रँट, आणि पब्लिक पार्टिसिपेशन नेटवर्क (काउंटीतल्या स्थानिक संस्थांचं जाळं), याची मेंबरशिप फुकट असते आणि ग्रँटच्या बातम्या तिथेच पहिल्या येतात. करमाफी मिळालेल्या पात्र चॅरिटीला कुणी एका वर्षात २५० युरो किंवा जास्त दिले तर रेव्हेन्यूकडून त्यावरचा टॅक्स चॅरिटीला परत मागता येतो, ३१ टक्क्यांच्या हिशोबाने, आयटीतल्या आपल्या मंडळींना हे नक्की सांगा. रस्त्यावर डबा घेऊन पैसे गोळा करायला गार्डाचं परमिट लागतं. आणि बेटिंग कंपनीचा पैसा नको, जीएएने स्वतः २०१८ मध्ये बेटिंगच्या स्पॉन्सरशिपवर बंदी घातलीय.

सहावी पायरी: पहिले सहा आठवडे

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बाकी सगळं याच्यासाठी.

पहिल्या शनिवारच्या आधी पालकांना अर्धा तास खेळ समजवा, मराठीत, हिंदीत, जी भाषा असेल त्यात. एका बाजूला १५ खेळाडू (लहानांच्या टीम छोट्या असतात), इंग्रजी एच आकाराचे खांब, आडव्या दांडीखालून जाळीत गेला तर गोल म्हणजे ३ पॉइंट, वरून गेला तर १ पॉइंट. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्याला २ मिळतात. फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन ४ पावलं, मग एक टप्पा किंवा पायाच्या चवड्यावरून परत हातात, सलग दोन टप्पे नाहीत. हर्लिंग समजवताना मी विटीदांडू म्हणते आणि आपल्या लोकांचे डोळे चमकतात, कारण जमिनीवरचा चेंडू काठीने वर उचलून हवेत हाणायचा हे आपल्या हाताला माहीतच आहे. आणि हो, २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय, हे सांगितलं की आजी-आजोबाही ऐकतात.

१२ वर्षांपर्यंत ‘गो गेम्स’ असतात: टीम छोट्या, प्रत्येक मूल पूर्ण वेळ खेळतं, पॉइंट टेबल नाही, कप नाही. आपल्या बाबा लोकांना हे पचत नाही, ‘जिंकलं कोण?’ विचारतात. त्यांना प्रेमाने सांगा की साइडलाइनवरून ओरडायचं नाही, आणि घरी जाताना पहिला प्रश्न ‘मजा आली का’ हा असू दे.

मग जोडी लावा. प्रत्येक नवीन घराला क्लबातलं एक जुनं घर, शक्यतो त्याच वसाहतीतलं, मुलं एकाच वर्गात असली तर सोन्याहून पिवळं. जुन्या घराने तीनच गोष्टी करायच्या: आदल्या रात्री मेसेज, फाटकाशी भेटणं, सामना रद्द झाला तर कळवणं. हे शेवटचं छोटं वाटतं पण पावसात रिकाम्या मैदानावर दोनदा उभं राहिलेलं कुटुंब तिसऱ्यांदा येत नाही. चॅरिटीचा एक माणूस सहाही शनिवार कठड्यापाशी हजर, आणि मूल आलं नाही तर त्याच संध्याकाळी फोन, जाब विचारायला नाही, विचारपूस म्हणून.

मुलींसाठी एक खास. २०२५ च्या मे महिन्यापासून कॅमोगीत स्कॉर्टऐवजी (समोरून स्कर्टसारखी दिसणारी शॉर्ट्स) शॉर्ट्स घालायची मोकळीक मिळालीय, आणि आत लेगिंग्ज किंवा डोक्याला स्कार्फ हवा असेल तर क्लबाशी आधी बोलून ठेवा म्हणजे मुलीला मैदानावर सगळ्यांदेखत विचारावं लागत नाही. खाण्याचंही तसंच, सामन्यानंतर हॅम सँडविच येतात, शाकाहारी आणि हलाल किती ते आधी कळवा, आणि वर्षातून एकदा तो चहा आपणच द्या, आमच्या वड्यांची आता वाट बघतात. दिवाळी-ईदच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कोचला द्या. ज्या संघटनेने २०२० मध्ये ईदच्या नमाजासाठी क्रोक पार्क उघडून दिलं तिच्या गावच्या क्लबाला एक शनिवार बदलायला सांगणं काही जास्त नाही.

सातवी पायरी: मोठ्यांना विसरू नका

आई स्वतः मैदानावर उतरली की मूल सोडतच नाही, हा माझा अनुभव. लेडीज फुटबॉलचं ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ आहे, कधीच न खेळलेल्या बायकांसाठी, स्पर्धा नाही, संध्याकाळी तासभर. पहिल्यांदा तीन जणी एकत्र न्या, एकटीला नका नेऊ. बाबांसाठी काही क्लबांत ‘डॅड्स अँड लॅड्स’ असतं. अपंग मुलांसाठी व्हीलचेअर हर्लिंग, ‘फुटबॉल फॉर ऑल’ आहे, जवळच्या कुठल्या क्लबात चालतं ते काउंटी बोर्डाला विचारा.

जरा मोठ्या मुलांना झॅक मोरादीची गोष्ट सांगा. इराकमध्ये जन्मलेला कुर्दी निर्वासित मुलगा, लिट्रिम काउंटीसाठी हर्लिंग खेळला आणि २०१९ मध्ये क्रोक पार्कवर लोरी मायर कप (काउंटी टीमांची हर्लिंग स्पर्धा) जिंकणाऱ्या टीममध्ये होता. फिजीत जन्मलेला शॉन ओग ओ हॅल्पिन २००५ मध्ये कॉर्कचा कॅप्टन म्हणून ऑल-आयर्लंड, म्हणजे हर्लिंगची देशातली सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकला.

आठवी पायरी: काय मोजायचं

पहिल्या दिवशी किती आले हा आकडा ग्रँटवाल्यांना आवडतो पण तो काही सांगत नाही. आम्ही तीन गोष्टी लिहितो: सहाव्या आठवड्यात किती उरले, पुढच्या जानेवारीत किती जणांनी आपणहून परत नोंदणी केली, आणि किती पालक क्लबात काहीतरी काम करू लागले, मग ते कोन उचलणं असो, चहा असो, की लाइनमन म्हणून झेंडा धरणं. गळालेल्यांना परत घरी जाऊन विचारा आणि करारात बदल करा.

तिसऱ्या आकड्यासाठी एजीएम, म्हणजे क्लबची वार्षिक सभा, लक्षात ठेवा. बहुतेक क्लबांची वर्षाअखेरीस असते, काही आठवडे आधी पूर्ण मेंबरांना नॉमिनेशनचा कागद येतो, आणि मतदानाचा हक्क हवा तर मोठ्यांची मेंबरशिप वर्षाच्या सुरुवातीलाच भरलेली लागते, नुसती मुलाची भरून चालत नाही. आमच्या ज्या मैत्रिणीला मी वर काठीची धडकी भरली म्हणाले, तिने यंदा लहान मुलांच्या विभागाच्या सहसेक्रेटरीसाठी नाव दिलंय. अनुमोदन तिच्या जोडीच्या घरानेच केलंय, एजीएम पुढच्या गुरुवारी आठ वाजता आहे.